संत नार्सीसच्या माश्या

वाटीच्या काठावर अकरा माश्या होत्या. मी त्या तीनदा मोजल्या, कारण मोजता मोजता माशी जागा बदलते आणि आकडा फसवतो. वाटी माझ्या धाकट्या बहिणीची, मद्रोनाची. तिच्यात खेचराच्या हाडांचे सूप होते, दोन घोट उरलेले. प्रत्येक माशी काठावर उतरली की आधी पुढचे दोन पाय एकमेकांवर घासायची, मग सोंड टेकायची, मग थोडी पुढे सरकायची. ती कुठून येते तेही मी पाहत होते. पाचवी आणि आठवी खाटेखालच्या बादलीवरून उठून आली होती.

"किती?" मद्रोनाने विचारले.

"अकरा."

"काल पंधरा होत्या. चौघी रजेवर गेलेल्या दिसतात."

मी हात उचलला आणि शेजारच्या खाटेवरच्या शिपायाची नजर पाहून तो परत मांडीवर ठेवला. आमच्या जिरोना शहरात माशी कोणी हाकलत नसे.

पाच शतकांपूर्वी फ्रेंचांनी आमच्या संत नार्सीसचे थडगे फोडले, तेव्हा आतून माश्यांचे थवे निघाले आणि त्यांनी शत्रूची घोडी आणि माणसे लोळवली, हे आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी शिकते. आदल्या वर्षी बोनापार्तची फौज दोनदा आली आणि दोनदा परत गेली. तेव्हा नगरसभेने संतालाच सरसेनापती नेमले आणि सेनापतीचा दंड त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवला. त्या वर्षी मे महिन्यात ती फौज तिसऱ्यांदा आली. उन्हाळ्यात मेलेली जनावरे ओन्यार नदीच्या काठी कुजू लागली आणि माश्या वाढल्या, तेव्हा लोकांना धीर आला. सैन्य आले, असे ते म्हणाले. जो तो आपल्या शिध्यातला एक तुकडा सुपात बुडवून खिडकीत ठेवू लागला. त्याला माशीचा घास म्हणत. पुढे शिधा दिवसाला मूठभर पावावर आला तेव्हासुद्धा कोणी तो घास चुकवला नाही. मी चुकीच्या गोष्टी पुष्कळ पाहिल्या आहेत. इतक्या उपाशी माणसांनी इतक्या प्रामाणिकपणे केलेली दुसरी पाहिली नाही.

आमचे इस्पितळ म्हणजे लोकरीचे जुने गोदाम. वरच्या मजल्यावर बेचाळीस खाटा, नदीकडे सहा मोठ्या खिडक्या. खाली तळघर, त्यात सव्वीस खाटा. बॉम्बच्या भीतीने तळघराच्या झरोक्यांना गोणपाट ठोकलेले होते. वर उजेड आणि वारा, म्हणून डॉक्टर सादुर्नी अवघड रुग्ण वर ठेवत. जुलैत तापाने माझे वडील गेले. त्यांच्या दुकानातली उरलीसुरली औषधे, तराजू आणि भिंग घेऊन मी इथे आले, ती इथलीच झाले.

मद्रोना इथे आली ती एकोणीस सप्टेंबरला. तटाला चार भगदाडे पडली होती आणि फ्रेंच सकाळपासून त्यांतून आत घुसू पाहत होते. संत बार्बाराच्या तुकडीतल्या बायका दारूगोळा आणि पाणी वर नेत, जखमींना खाली आणत. डाव्या दंडावर लाल फीत, बाकी कपडे घरचेच. आमच्या भागातल्या बायकांची प्रमुख किटेरियामावशी, इस्पितळाचा कारभारही तिच्याच हातात. एक्कावन्न वर्षांची, मेणबत्त्या करणारी. संताच्या थडग्यावर तीन पिढ्या तिच्याच घरच्या मेणबत्त्या जळत आल्या होत्या. ती ओच्यात काडतुसे बांधून चालत वर जायची. पळायची नाही.

"मावशी, जरा पळ की," मासे विकणारी जेर्त्रुदिस मागून ओरडली. "तुझ्या लग्नाची वरात नाही ही."

"पळालं की सांडतात. सांडलं की परत वेचायला वाकावं लागतं. वाकायला माझी कंबर तयार नाही."

मी पायथ्याशी पट्ट्या घेऊन बसले होते. तिथून भगदाडापर्यंत एकशे चाळीस पावले होती, त्यातली शेवटची साठ उघड्यावर. किटेरियामावशी त्या दिवशी एकोणीस वेळा वर गेली. चौदाव्या फेरीत तिच्या डोक्यावरचा रुमाल गोळीने फाटला. तिने तो काढून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि पंधराव्या फेरीला निघाली. मद्रोनाही त्याच तुकडीत होती; ती तिच्या बाराव्या फेरीत पडली. तटाचा दगड निसटून तिच्या नडगीवर आला आणि हाड दोन ठिकाणी मोडले. तिने आधी ओचा सोडून काडतुसे पुढच्या बाईच्या हातात दिली, मग आई ग म्हणाली. हा क्रम मी स्वतः पाहिला आहे.

तिसऱ्या प्रहरानंतर फ्रेंच मागे हटले. नंतर डिसेंबरात शहर पडले, त्याने त्या दिवसाचे मोल कमी होत नाही. भगदाडातून उतरलेले शिपाई सांगत होते की शत्रूच्या तोंडावर माश्यांचे ढग होते, त्यांना बंदूक रोखता येईना. मीही ढग पाहिला होता. तो आमच्याही तोंडावर होता. पण मी ते बोलले नाही. त्या माणसांनी दिवसभर जे केले होते ते संताच्या नावावर मांडायची त्यांची इच्छा असेल, तर मी कोण होते?

त्यानंतरच्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती इथे सांगायला हवी. दोन शिपाई बोटाला खरचटले म्हणून वरच्या मजल्यावर तीन दिवस सूप पीत पडले होते. किटेरियामावशी सुपाचा डाव घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेली.

"हात दाखव. वळव. पाय हलव. चालतोय ना?"

"चालतोय, मावशी, पण..."

"मग तुझी जागा इथं नाही. तट तिकडे आहे."

ते गेले. त्यातला एक जाताना म्हणाला, "फ्रेंच बरे, निदान लांबून मारतात." अख्खा मजला हसला. तिच्या शब्दाला असे वजन होते. डॉक्टरांचे लोक ऐकत, पाद्रीबाबांचे ऐकत, पण तिने सांगितलेले करत.

ऑक्टोबरात हगवण वाढली. मी भिंतीवर कोळशाने खुणा करू लागले, वरच्या मजल्याच्या वेगळ्या, तळघराच्या वेगळ्या. दोन आठवड्यांत वरच्या बेचाळीस खाटांवर एकोणतीस जणांना लागण झाली आणि सतरा गेले. तळघरातल्या सव्वीस खाटांवर चौघांना लागली, एक गेला. अन्न एकाच कढईतले, पाणी एकाच विहिरीचे. जखमा वरच्यांच्या मोठ्या, हे खरे. पण हगवण जखमेतून येत नाही. दोन्हीकडे वेगळे काय, याची मी यादी केली. उजेड, वारा, माश्या. तळघरात मी एका सकाळी फक्त तीन माश्या मोजल्या.

डॉक्टर सादुर्नींनी ऐकून घेतले. ते अठरा तास उभे असत. तरी ऐकून घेतले.

"रोग घाणेरड्या हवेनं होतो, कोलोमा. खिडक्या बंद केल्यास तर उरलेले तेरापण जातील. तळघराची थंडी आतड्यांना बांधून ठेवते, एवढंच."

"मग थंडी पडली की वरचेही बरे होतील?"

"झाले तर आनंदच आहे." मग हळू आवाजात म्हणाले, "आणि माश्यांचं म्हणशील तर ते मला विचारू नकोस. ते किटेरियाबाईंच्या हातात आहे. मी फक्त पाय कापतो."

मद्रोनाला तळघरात हलवता येत नव्हते. तिचा पाय फळीला बांधून वजनाने ताणलेला होता आणि तळघराचा जिना गोल, एका माणसापुरता. हाड जुळायला अजून दोन आठवडे हवे होते. तिच्या एका बाजूची खाट त्या महिन्यात तीनदा रिकामी झाली होती.

तेव्हा मी मंजिष्ठेची पूड घेतली. दुकानात रंगाऱ्यांसाठी ठेवलेली होती, लालभडक आणि अगदी बारीक. एका दुपारी ती खोलीच्या टोकाच्या बादलीच्या काठावर, माश्या बसतात तिथे शिंपडली, आणि दुसऱ्या टोकाला, वीस पावलांवर, पावाचा पांढरा काप झाकणावर ठेवला. मधून कोणी जाऊ नये म्हणून मी तिथेच उभी राहिले. संत फेलिउच्या चर्चच्या घड्याळात पाव तास वाजला. मग भिंग घेऊन पाहिले. पावावर लाल ठिपके होते. काही जोडीने, काही ओळीने, खसखशीहून लहान. बत्तीस मोजले. मद्रोनाच्या वाटीच्या काठावर नऊ.

मी किटेरियामावशीला बोलावले. ती मेणबत्तीवाली, रंग आणि पूड तिला कळत होती.

तिने भिंग डोळ्याला लावले, काढले, पुन्हा लावले. "हे पाय आहेत."

"हो."

"बादलीतले."

"हो, मावशी."

"म्हणजे आपण माशीला घास देतो, आणि माशी आपल्याला..." तिने पाव झाकणासकट उजेडाकडे धरला. "तुझं म्हणणं काय?"

"खिडक्यांना मलमल लावायची. माझ्याकडे औषधं गाळायच्या कापडाचे तीन तागे आहेत. वारा येईल, माशी येणार नाही. पाव झाकायचा, बादल्या झाकायच्या. घास बंद. आत असतील त्या मारायच्या."

ती खाटेच्या कडेवर बसली. मी तिला दिवसा बसलेली क्वचित पाहिली होती.

"पोरी, तुला एक विचारते. तटाला भगदाड पडलं तर आपण काय करतो?"

"मातीची पोती लावतो."

"आणि यांच्या धीराला पडलं तर काय लावू?" तिने भोवतालच्या खाटांकडे हनुवटी केली. "त्यांना बूट नाहीत. दारू ओली. मदतीला निघालेली फौज वाटेतून परत गेली. जेवणाला उंदीर मिळाला तर सण. त्यांच्यापाशी एकच गोष्ट आहे, की संत त्यांच्या बाजूनं लढतोय. मी उद्या म्हटलं की त्याचं सैन्य मारा, तर परवा तटावर किती उभे राहतील ते तुझ्या कोळशानं मोजशील?"

मी भिंग पुसून ठेवले. मोजता येत नाही ते नसतेच, असे मी कधी मानले नाही.

"मला दोन दिवस दे," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "जरा थांब." त्यानंतर तटाची दुरुस्ती निघाली, मग पाद्रीबाबांशी बोलून सांगते म्हणाली, मग पाद्रीबाबाच तापाने पडले. मी रोज विचारत नसे. भिंतीवर खुणा वाढत होत्या आणि ती रोज त्यांच्यासमोरून जात होती. जाताना नजर वळवत नव्हती, हे मी पाहिले. एकेक खूण वाचून पुढे जायची.

एकदा मला धीर निघाला नाही. मी मद्रोनाच्या जवळच्या एका खिडकीला मलमल बांधली. सकाळी ती फाडून नदीत टाकलेली दिसली. त्या दिवशी चार शिपायांनी माझ्या हातून औषध घेतले नाही. शेजारच्या खाटेवरचा तो शिपाई, फेरियोल त्याचे नाव, मांडीपासून पाय कापलेला, विशीतला, तो तोंड फिरवून म्हणाला, "फ्रेंचांकडून किती मिळतं ग ताई, माशीमागे?"

"गप रे," मद्रोना म्हणाली. "हिला फ्रेंच येतच नाही. लॅटिन येतं, आणि ते कोणाला कळत नाही."

तो हसला नाही. मला राग आला नाही. त्याने भगदाडात पाय दिला होता. त्या बदल्यात त्याला जे उरले होते त्याला मी हात लावत होते. तेव्हा मला पक्के कळले की माझ्या ठिपक्यांनी काही होणार नाही. ते किटेरियामावशीच्याच तोंडून यायला हवे.

सव्वीस ऑक्टोबरला मद्रोनाला हगवण लागली. पहिल्या दिवशी सहा वेळा, दुसऱ्या दिवशी चौदा. फळीला बांधलेल्या पायासकट तिला उचलावे लागे आणि दर वेळी ती ओठ चावायची. अठ्ठावीसच्या सकाळी मी तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्याचा अर्थ मला ठाऊक होता: अंगातले पाणी संपत आले होते. मीठ आणि दुकानातल्या उरलेल्या औषधी पाकाचे पाणी चमच्याने देत मी तिच्यापाशी बसून राहिले, आणि एका हाताने चमचा झाकत राहिले.

"तुझी पलटण बघ," ती पुटपुटली. "माझ्या नाकावर तळ ठोकलाय. तंबूच उभारायचे राहिलेत."

एकोणतीस ऑक्टोबर संत नार्सीसचा दिवस. दर वर्षी या दिवशी शहरात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी तोफा चालू होत्या आणि रस्त्यात दगडांचे ढीग. तरी किटेरियामावशी सकाळी थडग्यापाशी जाऊन आली. चरबीच्या मेणबत्त्या आम्ही कधीच सुपात उकळून संपवल्या होत्या; तिने खऱ्या मेणाची एक लपवून ठेवली होती, ती लावून आली. मग तुकडीतल्या सात-आठ बायकांसह वर आली. दंडावरच्या फिती धुतलेल्या होत्या.

"सण आहे," जेर्त्रुदिस खाटांना सांगत होती. "आज उंदराला लसूण लावलाय. कोणी ससा म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही."

लोक हसले. ज्यांना उठता येत होते त्यांनी आपापला घास खिडकीत ठेवला. फेरियोलने मला न विचारता जेर्त्रुदिसच्या हातात आपला तुकडा दिला. त्याच्या तळहातात मावेल एवढ्या पावातला तो चौथा हिस्सा होता.

किटेरियामावशी मद्रोनापाशी येऊन थांबली. तिने तिच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, मी करत असे तशी. मी करताना तिने कधी पाहिले होते कोण जाणे.

"कशी आहेस ग?"

"बरी आहे, मावशी." मद्रोनाचा आवाज कोरड्या पानासारखा येत होता. "फक्त या तुझ्या शिपायांना विचार, तटावर कधी जाणार. महिना झाला, इथंच खातायत."

मावशीने तिचे मनगट पांघरुणात ठेवले. ती भिंतीपाशी गेली आणि खुणांसमोर उभी राहिली. वरच्या मजल्याच्या खुणा आता तिच्या खांद्याच्याही वर गेल्या होत्या. मग खिडकीपाशी आली. माश्यांनी घास काळे झाले होते. थंडीने त्या सुस्त होत्या. तिने दोन बोटांनी एक अलगद उचलली, पंखांना धरून, आणि उजेडात धरली.

"जेर्त्रुदिस, हिचे पाय मोज."

"मी मासे मोजते, मावशी. माश्या या औषधवाल्या ताईकडे."

"मोज."

"सहा."

"सगळे धड?"

"धड दिसतायत."

"पंख?"

"दोन. तेही धड." जेर्त्रुदिसचा आवाज बदलला होता. फेरियोल कोपरावर उठून बसला.

"संतानं हे सैन्य कुणाशी लढायला दिलं?" मावशीने त्यालाच विचारले.

"फ्रेंचांशी."

"इथं या खोलीत फ्रेंच किती आहेत?"

फेरियोलने खाटांवरून नजर फिरवली.

"सांग की. तुला डोळे आहेत."

"एकही नाही."

"मग धडधाकट हातापायांची ही, इथं जखमी पोरींचं सूप खात बसलीय. सप्टेंबरात दोघे असे बसले होते. त्यांना मी काय म्हटलं होतं, आठवतं?"

त्याला आठवत होते. सगळ्यांनाच आठवत होते. त्याचा चेहरा लालसर झाला आणि तो खूप लहान दिसला. "मावशी," तो म्हणाला, "संत रागावला तर?"

"तर माझ्यावर रागावेल. तीन पिढ्या त्याच्यापुढे आमच्या मेणबत्त्या जळतायत, माझं घर त्याला माहीत आहे. सकाळी त्याला तेच सांगून आले. म्हटलं, तुझं सैन्य आहे, तू सरसेनापती आहेस, पण इस्पितळाचा कारभार माझ्याकडे आहे."

तिने हात खिडकीबाहेर काढला, नदीपलीकडे फ्रेंचांचा तोफखाना होता त्या दिशेला, आणि बोटे उघडली. माशी पडली की उडाली ते मला दिसले नाही. मग ती वळली. तिने हात ओच्याला पुसले. आवाज डाव घेऊन उभी होती त्या दिवशीचाच होता, पार तळघरापर्यंत जाणारा.

"कोलोमा, मलमल काढ. सगळ्या खिडक्यांना लावा, पावावर फडकी टाका, बादल्या झाका. आत सापडेल ती माशी बाहेर हाकला, आणि नाही गेली तर मारा. तट तिकडे आहे."